पहिली बाजू कुणाची

आमच्या धोटा बँडची कॅसेट अजून कुणाकडे असेल तर काढून बघा. पहिल्या बाजूवर 'उधना' आहे, दुसऱ्या बाजूवर 'ब्रह्मांड'. 'ब्रह्मांड' माझं. बँड मी काढला, मागात इकडून तिकडे पळतो त्या धोट्याचं नाव मी ठेवलं, सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत इलेक्ट्रिक गिटार आणणारा पहिला माणूस मी, आणि मीच दुसऱ्या बाजूवर. कॅसेटची दुसरी बाजू म्हणजे लग्नातली शेवटची पंगत. वाढतात सगळं, पण गार झालेलं.

लोकांना वाटतं, सुरतेच्या खात्यांमध्ये, म्हणजे यंत्रमागाच्या शेडांमध्ये, दिवसरात्र खटखट ऐकून आम्हाला ताल सुचला असेल. डोंबल सुचतो! ज्याचा बाप त्या खटखटीत बहिरा होऊन मेला, त्याला ती थांबली की मगच काही सुचतं. मला हा नाद लागला तो इंजिनियरिंग कॉलेजच्या होस्टेलवरच्या एका दोस्तामुळे. त्याच्याकडे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कॅसेटी होत्या. एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं. सात मात्रांत सुरू व्हायचं, पाचात घुसायचं, मध्येच सगळं थांबून लांबून ऑर्गन यायचा. मी व्याऱ्याच्या एका ख्रिस्ती मास्तरांकडे गिटार शिकत होतो. त्यांना ती कॅसेट ऐकवली तर शांतपणे ऐकून म्हणाले, "छान. गाणं कधी सुरू होणार?"

पण मी ठरवलं होतं. ड्रमवर किसन आला. तो लग्नाच्या बँडपार्टीत वाजवायचा, पार कामरेज-बारडोलीपर्यंत वराती करायचा. सात मात्रा त्याला शिकवाव्याच लागल्या नाहीत. म्हणाला, "घोडी बिथरनी की वरात याच तालवर चालस, भो." आणि मग प्रफुल्ल आला. आला म्हणजे मीच त्याला आणला. भेस्तानला रेल्वेच्या वसाहतीत राहायचा. त्याचे वडील श्रीपतकाका रेल्वेत नोकरीला आणि भीमगीतांच्या पार्टीत पेटीवर. बापाच्या मांडीवर बसून हा पेटी शिकला आणि पुढे कुठून तरी कीबोर्ड मिळवला. बासगिटार वाजवायला माणूस मिळत नव्हता, तर हा म्हणाला, "मी डाव्या हाताने बास वाजवतो, उजव्याने बाकीचं." मी खूश झालो. तो कीबोर्ड आम्ही दोघांनी रिक्षात मांडीवर घेऊन आणला. स्वतःच्या पायावर पाडायचा धोंडा मी असा स्वतःच्या मांडीवर वाहून आणला.

उधन्याला मगनभाईंचा स्टुडिओ होता. मगनभाई गरब्याच्या आणि भजनांच्या कॅसेटी काढायचे. नवरात्राआधी त्यांना नॉनस्टॉप गरब्याला वाजवणारे पाहिजे होते. आम्ही वाजवलं. त्याबदल्यात त्यांनी दिवाळीनंतर स्टुडिओ आम्हाला दिला, पण फक्त शुक्रवारचा. स्टुडिओच्या दोन्ही बाजूंना खाती होती, त्यांची खटखट भिंतीतून थेट माइकमध्ये यायची. शुक्रवारी त्या भागातल्या खात्यांना सुट्टी. म्हणून बाकी सुरत आठवडाभर कापड काढायची आणि आम्ही शुक्रवारी कॅसेट काढायचो. शहाण्णवचा सगळा हिवाळा असा गेला.

कॅसेटची एकेक बाजू अर्ध्या तासाची. माझं 'ब्रह्मांड' एका बाजूला पुरेल एवढं होतं. सात भाग होते त्याचे. पहिल्यात शून्य, दुसऱ्यात स्फोट, मग ग्रह-तारे, असं करत शेवटी पुन्हा शून्य. प्रफुल्लनेही एक लांब तुकडा बांधला होता, त्याचं नाव 'उधना'. बस्, उधना! खानदेशातून येणारी गाडी जिथे आम्हा सगळ्यांच्या बापांना उतरवून पुढे गेली, ते स्टेशन. मी म्हटलं, "स्टेशनवर काय गाणं करायचं? उद्या पांडेसरा करशील." तो हसला. त्याची ही एक सवय होती. टोमणा मारला की हसायचा, त्यामुळे मारणाऱ्याचाच हात दुखायचा.

पहिली बाजू कुणाची, हे ठरलेलं नव्हतं. पहिल्या बाजूवर जे असेल तेच कॅसेटचं नाव होणार, असं मगनभाईंनी आधीच सांगितलं होतं. दुकानदार पहिली बाजू लावून बघतो, गिऱ्हाईक उभ्याउभ्या ऐकतं, आवडली तर घेतं. दुसरी बाजू ऐकायला कोण दुकानात थांबतो? म्हणजे पहिली बाजू ज्याची, बँड त्याचा. मला हे प्रफुल्लच्या आधी कळलं होतं. त्याला ते कधी कळलं की नाही, देव जाणे. कळूनही न कळल्यासारखं वागणारी माणसं असतात.

सुरुवात मगनभाईंपासून झाली. एका शुक्रवारी माझा सोलो चालू होता, 'ब्रह्मांड'चा पाचवा भाग, डोळे मिटून वाजवत होतो. उघडले तर काचेपलीकडे मगनभाई खुर्चीत मान टाकून झोपलेले. त्यानंतर प्रफुल्लने नुसता एक सूर लावला, तपासायला म्हणून, आणि मगनभाई ताठ बसले. "आनो कान जबरो छे, भाई," ते मला म्हणाले. ह्याचा कान जबरदस्त आहे. मला सांगतात! मी त्याला आणला आणि मलाच सांगतात.

मग माझी बहीण गायत्री. ती टेक्सटाइल मार्केटमधल्या एका पेढीवर टायपिंगला होती. शुक्रवारी अर्ध्या दिवसाने सुटायची आणि आमचा डबा घेऊन स्टुडिओत यायची. आधी कधी माझ्या प्रॅक्टिसला फिरकली नव्हती. आता यायची आणि जेवण झालं तरी बसून राहायची. मी मनात म्हटलं, चला, घरात एकाला तरी संगीत कळायला लागलं. एकदा मी तिला विचारलं, "माझं कसं वाटतं?"

"दादा, तुझं मोठं आहे."

"मोठं म्हणजे?"

"म्हणजे लांब आहे."

"आणि त्याचं?"

ती डब्याची झाकणं लावत म्हणाली, "त्याचं संपूच नये असं वाटतं." दोन्हीची लांबी सारखीच होती, हे मी तिला घड्याळ दाखवून सांगितलं. ती म्हणाली, असेल. रक्ताची बहीण, पण ओळखू येईना. त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही आणि तिला ते कळलंही नाही.

पण खरी आग लागली ती माझ्या आईमुळे. आई म्हणजे धुरपदाबाई. पारोळ्याकडची. सुरतेत आयुष्य गेलं, पण तोंडातली अहिराणी तिने एका शब्दाने उतरू दिली नाही. प्रफुल्ल एकदा घरी जेवायला आला तर तिला "माय" म्हणून हाक मारली. आम्ही घरात माय म्हणतो, ते ठीक. याने का म्हणावं? आणि तिने त्याला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी वाढली, वर तेल, वर ठेचा. तो खात गेला आणि ती वाढत गेली. मी भाकरी मागितली तर म्हणाली, "तू रोजना शे." मी रोजचा आहे म्हणून मला नंतर.

लोकांना पुढे वाटलं, मी जातीपायी जळत होतो. ती जळजळ गावी पारोळ्याला राहणाऱ्या माझ्या काकांची, माझी नव्हती. मी त्याच्या कानापायी जळत होतो. त्याच्या त्या काटकुळ्या बोटांपायी. मला सात भाग रचून जे जमत नव्हतं, ते त्याला एका सुरात जमायचं, आणि वर तो गोड होता. गोड माणसाचा हेवा करणं फार जिवावर येतं, कारण कुणी आपली बाजू घेत नाही.

माघ लागला असावा. शेवटचे दोनच शुक्रवार राहिले होते. 'ब्रह्मांड' पुरं झालं होतं. 'उधना' मध्ये एक जागा मोकळी होती. गाडी येते, माणसं उतरतात, सगळी वाद्यं एकेक करून गप्प होतात, आणि मग तिथे प्रफुल्लला एका बाईचा आवाज हवा होता. म्हाताऱ्या बाईचा, न शिकलेला. त्याने माझ्यासमोरच आईला विचारलं, "माय, तुम्ही आखाजीचं गौराईचं गाणं म्हणाल? झोक्यावर म्हणतात ते?"

माझ्या आईचा आवाज! माझ्या सात भागांत तो कुठेच नव्हता, हे मला तेव्हा सुचलं. मला आधी का सुचलं नाही? ती माझी आई. घरात मी तिला रोज ऐकतो. ऐकतो कुठे म्हणा, ती बोलते आणि मी गिटार लावत असतो. तर तिचा आवाज आता त्याच्या गाण्यात जाणार आणि लोक म्हणणार, वा प्रफुल्ल.

मी आईला बाजूला घेतलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नुसती गोड गाणी नसतात. दोन गावच्या पोरी नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या घालतात. त्यांना गाळी म्हणतात. आई तरुणपणी त्यात एक नंबर होती, हे मी मावशीकडून ऐकलेलं. मी म्हटलं, "माय, गौराई नको. त्याला गाळी म्हण. चांगल्या कचकचीत. त्याचं नाव घेऊन."

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्याले गाळी म्हनू?"

"हो."

"खरंच म्हनू का? ध्यानमा ठेव भाऊ, गायेल गाळ माघारे येत नही."

"म्हण तर खरं," मी म्हटलं. मला वाटलं, पोराला वाईट वाटेल म्हणून बिचारी कचरते आहे. तीन महिने मनात साचलेलं माझ्या आईच्या तोंडून निघणार होतं, तेही त्याच्याच गाण्याच्या ऐन मोक्याच्या जागी. मी त्या रात्री छान झोपलो.

शुक्रवारी आई नऊवारी नेसून स्टुडिओत आली. माइक बघून डगमगली नाही. कानाला हेडफोन लावला तर डोक्यावरचा पदर घसरतो म्हणून तिने तो काढून ठेवला. गायत्री कोपऱ्यात उभी होती. किसन काठ्या मांडीवर घेऊन बसला. काचेपलीकडे मगनभाईंनी मशीन चालू केलं आणि हात वर केला. आईने प्रफुल्लकडे बघून विचारलं, "तुन्ही मायनं नाव काय रे?"

"प्रभावती," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं,

"प्रभाबाई वं प्रभाबाई, तुन्हा पोऱ्या कसा?
पेटीम्हा डोकं घालीसन बठस, बगळा जसा!
बोटं त्यान्हा काड्या, गाल त्यान्हा चप्पट,
आठ भाकरी खाईसन म्हनस, आखो वाढ झटपट!"

किसनने तोंडात रुमाल कोंबला. मला तर नाचावंसं वाटत होतं. बगळा! अगदी तसाच बसायचा तो. पुढे आणखी चार-पाच कडवी झाली. प्रफुल्लची चालायची ढब, त्याच्या शर्टाची ढगळ बाही, काही सोडलं नाही माझ्या मायने. मी बघत होतो तो त्याच्या चेहऱ्याकडे. तो लाल झाला, कानापर्यंत लाल. गायत्री तोंडाला ओढणी लावून बाहेर निघून गेली. मला वाटलं, तिला त्याची कीव आली. बसला बाण, मी मनात म्हटलं.

मशीन थांबलं. प्रफुल्ल माझ्याजवळ आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो हसत नव्हता. हळूच म्हणाला, "योगराज, हे काढून टाकू या. वेगळ्या ट्रॅकवर आहे, एका बटणात पुसता येईल. मी गौराईचं म्हणायला सांगतो मायला."

"का? झोंबलं?"

"तसं नाही. आत्ता नको. घरी अजून..." तो अडखळला. "नको एवढंच."

"मी तर म्हणतो ठेवायचं. खरी लोकसंस्कृती आहे ती."

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे बघ, पहिली बाजू तू घे. 'ब्रह्मांड' पहिल्या बाजूला, कॅसेटचं नाव 'ब्रह्मांड'. मी मगनभाईंना आत्ता सांगतो. फक्त हे पुसू दे."

थांबा. इथे जरा थांबा आणि माझ्या जागी उभे राहा. सगळ्या हिवाळ्यात मला जे पाहिजे होतं, ज्यासाठी मी बहिणीशी अबोला धरला, आईच्या भाकरीवर रुसलो, ते हा माणूस माझ्या हातात ठेवत होता. हात मिटायचा, एवढंच माझं काम होतं. पण मी त्याचा चेहरा बघितला. तो पहिल्यांदा घाबरलेला होता. आणि मला त्या क्षणी बाजू-बिजू काही नको झालं. मला तो असाच, लाल झालेला, कायमचा कॅसेटवर पाहिजे होता. माझ्या आईच्या तोंडच्या शिव्या खात. दुकानादुकानांत.

"नाही," मी म्हटलं. "हे राहणार. बँड माझा आहे. बाजूचं काय ते मगनभाई ठरवतील."

मगनभाईंनी ठरवायला वेळ लावला नाही. ते काचेपलीकडून बाहेर आले तेच टाळ्या वाजवत. "आ तो फटाणां छे!" ते ओरडले. गुजरातेत बायका असलीच शिव्यांची गाणी म्हणतात, त्यांना फटाणां म्हणतात. "अरे योगराजभाई, आपने तो कमाल कर दिया. आता हेच पहिल्या बाजूला. लोक ऐकणार, हसणार, घेणार." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्रह्मांड पछी. दुसऱ्या बाजूला."

मी किसनकडे पाहिलं. तो म्हणाला, "तूच ठेव म्हणालास ना भो," आणि काठ्या पिशवीत घालायला लागला. आईने मात्र माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पहिल्यांदाच काही शहाणपणाचं केलं होतं.

कॅसेट होळीनंतर आली. 'उधना' असं मोठं नाव, खाली बारीक अक्षरांत धोटा. तिला कुणी प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणालं नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा, जिथे खानदेशी वस्ती तिथे ती धुरपदाबाईची कॅसेट म्हणून गेली. पानाच्या टपरीवर लागायची. गाडी येते, सगळं थांबतं, 'प्रभाबाई वं' सुरू होतं आणि माणसं चुना लावायची थांबतात, हे मी स्वतः पाहिलं. शेवटी सुरुवातीचा तोच सूर परत येतो तेव्हा एकजण डोळे पुसत होता. बाजू संपली की टपरीवाला कॅसेट उलटी करत नसे. मागे फिरवून पुन्हा पहिलीच बाजू लावायचा. मी तिथे पान खाणं बंद केलं.

एका रविवारी दुपारी आमच्या गल्लीत एक रिक्षा थांबली. तिच्यातून एक उंच बाई उतरल्या, पांढरी साडी, हातात घारीचा, म्हणजे त्या सुरती मिठाईचा, मोठा पुडा. मागून प्रफुल्ल उतरला, मान खाली घालून. त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. आईला बघून मोठ्याने म्हणाल्या, "धुरपदाबाई तुम्हीच ना? मी प्रभावती. मला नाव घेऊन गाळी दिल्या, साऱ्या सुरतेनं ऐकल्या. आता मी काय गप बसू?"

मी पुढे झालो. वाटलं, भांडण. बाई चिडणारच, लेकाचा जाहीर अपमान झालेला. माझी इच्छा होती तसंच चाललं होतं सगळं, फक्त ते माझ्या दारात यायला नको होतं. मी म्हटलं, "काकू, रागावू नका, आखाजीच्या गाळी आहेत, गंमत म्हणून..."

"आखाजीच्या?" त्या माझ्याकडे वळल्या. "अरे भाऊ, आखाजीच्या गाळीत गावाचं नाव घेतात. पोराच्या आईला नावानं हाक मारून गाळी देतात त्या फक्त लग्नात. व्याह्यांना. परक्याच्या पोराच्या भाकरी कोण मोजतं?"

गल्लीतल्या बायका दारादारांत आल्या होत्या. त्या सगळ्यांना हे माहीत होतं. कॅसेट वाजायला लागल्यापासून माहीत होतं. मी सुरतेत जन्मलो, सुरतेत वाढलो, सात मात्रा आणि अकरा मात्रा शिकलो, आणि ज्याला पहिल्या ओळीतच हे कळलं नाही असा साऱ्या वस्तीत मी एकटा निघालो. मी मागे वळून बघितलं. गायत्री ओट्याला टेकून उभी होती आणि तिची ओढणी पुन्हा तोंडाला होती. स्टुडिओतही अशीच लावली होती. रडत नव्हती तेव्हा ती. डबे, शुक्रवार, संपूच नये असं वाटणं, सगळं माझ्या डोक्यात एकदम धडाधड पडलं.

प्रभाबाईंनी पदर खोचला आणि दारातच, त्याच चालीवर, उलट गाळी सुरू केल्या,

"धुरपदाबाई वं धुरपदाबाई, तुन्हा पोऱ्या कसा?
वर काहीच ठेयेल नही, जळस चुल्हा जसा!
बहीन चालनी सासरले, भाऊले नही पत्ता,
कापड गयं लोकना घर, हातमा ऱ्हायना गत्ता!"

कापडाचा तागा विकून झाला की आतला पुठ्ठा उरतो, तो गत्ता. बायका खिदळायला लागल्या. माझी आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. वर काही न ठेवता जळणारी चूल! त्या बाईने मला आधी कधी पाहिलंही नव्हतं. म्हणजे घरी कुणी तरी सांगितलं असणार, नाहीतर मग ते माझ्या तोंडावरच दिसत असणार.

प्रभाबाई घारी ठेवून गेल्यावर मी आईवर ओरडलो. तू मला सांगितलं का नाहीस, मला वापरलंस, काका काय म्हणतील. ती घारीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाली, "मी तोंडे सांगतू ते तुन्हा काकास्नी माले गप बसाडी दिधं असतं. आते कॅसेटमा शे. कोन माघारे लेई?" मग माझ्या हातावर तुकडा ठेवून म्हणाली, "आनि तूच ते सांगं ना, म्हन म्हनीसन." मी तो तुकडा तोंडात टाकला. तिच्या मनात होतं ते सांगायला तिला फक्त माझा जळफळाट पाहिजे होता, आणि तो घरात भरपूर होता.

लग्नाला काका पारोळ्याहून आले नाहीत. आले नाहीत तरी त्यांच्या गावात ती कॅसेट वाजत होतीच. लग्न भेस्तानच्या बुद्धविहारात झालं. पांढरे कपडे, बुद्धवंदना, दोघांच्या शपथा, हार, टाळ्या. अर्ध्या तासात आटोपलं, आमच्या एका बाजूएवढं. मी नवरीचा भाऊ. आमच्यातल्या लग्नात नवरीच्या भावाला एक मान असतो, तो नवऱ्याचा कान पिळतो, आणि कपडा मिळेपर्यंत सोडत नाही. मनातल्या मनात मी त्याचीच वाट बघत होतो. पण इथे तसला विधीच नव्हता. म्हणजे तेवढीही सोय नाही.

जेवणाला मगनभाई माझ्या शेजारी बसले. मंडपात आमचीच कॅसेट लागली होती. 'उधना' संपलं, आणि नवरदेव स्वतः उठून टेपजवळ गेला. त्याने कॅसेट उलटी केली. 'ब्रह्मांड' सुरू झालं. कुणी लक्ष दिलं नाही, पण मी घास तसाच धरून ऐकत राहिलो. पाचवा भाग आला, माझा सोलो. खरंच चांगला होता. मी मगनभाईंना म्हटलं, "तुम्ही झोपला होतात, पण ऐका आता. किती सुरात आहे."

"सुरात?" मगनभाई बुंदी खात हसले. "योगराजभाई, तुमचं गिटार त्या दिवशी उतरलेलं होतं. एक तार नाही, सगळंच. तुम्ही डोळे मिटून इतके रंगलेले, मला झोप लागायच्या आधीच मी थांबवायला हात वर करत होतो. प्रफुल्लने मला खूण केली, राहू द्या. त्याने कीबोर्ड तुमच्याएवढा खाली उतरवून घेतला. तो पण अंदाजाने, कानाने. पूरो भाग एवी रीते वगाड्यो, सगळा भाग तसाच वाजवला. तुम्हाला सांगितलं नाही त्याने?"

नाही. मला सांगितलं नव्हतं. माझ्या सगळ्यात चांगल्या पाच मिनिटांत मी बेसूर होतो आणि तो माझ्यासाठी खाली आला होता. कुणीही म्हणेल, केवढं मोठं मन. म्हणा. मी मात्र समोरची बुंदी बाजूला सारली. वाईट वागला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

तेवढ्यात तो समोर आला. पांढरा सदरा, गळ्यात हार, बोटांच्या काड्या. गायत्री त्याच्या मागे उभी होती. तो माझ्यासमोर वाकला आणि डोकं एका बाजूला कलतं करून म्हणाला, "योगराज, आमच्यात नसतं हे. पण माय म्हणाली, तुझा हक्क आहे. पिळ."

बायका गोळा झाल्या. मी हात पुसला आणि त्याचा उजवा कान धरला. साधा कान होता, जरासा गरम. मी पिळला, चांगला जोर लावून. तो "आई गं" म्हणाला, बायका हसल्या, प्रभाबाईंनी माझ्या खांद्यावर नवा शर्टपीस टाकला. रीत संपली होती. गायत्री म्हणाली, "दादा, पुरे आता." मला कळत होतं की सोडायला पाहिजे. पण तो कान माझ्या हातात होता आणि मला तो सोडवेना.